दादाला टीबी निघाला, आता घरातल्या सगळ्यांची तपासणी म्हणतात. भाचीला काही होत नसताना गोळ्या कशाला?

शेवंती

माझ्या मोठ्या भावाला फुप्फुसाचा टीबी निघालाय. दोन महिने खोकत होता, रात्री उशी घामाने भिजायची, पँटचा पट्टा दोन भोकं आत गेला. आम्ही सगळे कामाचा ताण, कामाचा ताण म्हणत बसलो. शेवटी बेडक्याच्या तपासणीत जंतू दिसले. नेहमीच्या औषधांना दाद देणारा प्रकार आहे, सहा महिने गोळ्या घ्यायच्या आहेत. आज अठरावा दिवस. ताप गेला, खोकला बराच कमी आहे.

आता नवीनच प्रश्न उभा राहिलाय. क्षयरोग विभागातल्या एका बाईंचे तीन फोन येऊन गेले. त्यांना घरी यायचं आहे. घरात दादा, वहिनी, त्यांची तीन वर्षांची मुलगी, आई (तिला मधुमेह आहे) आणि मी. सगळ्यांना तपासायचं म्हणतात. वर फोनवर असंही म्हणाल्या की भाचीला आजार नसल्याची खात्री झाली तरी तिला काही महिने गोळ्या द्याव्या लागतील. आजार नसेल तर औषध कशाला? एवढ्याशा जिवाला?

वहिनी इतकी घाबरलीय की मुलीला घेऊन माहेरी जाते म्हणते. आई दादाचं ताट-वाटी वेगळी करून बसलीय आणि त्याला रुग्णालयातच ठेवा म्हणते. घरमालक खालच्या मजल्यावर राहतात, त्यांना कळलं तर काय, ही भीती वेगळीच. आणि दादा चिडतो, 'मी काय लहान मूल आहे का माझ्या गोळ्या मोजायला?'

या बाईंना नको सांगितलं तर चालेल का? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

स्पष्टच_बोलतो

माझं मत विचाराल तर घरी येऊ देऊ नका. रुग्णाची नोंद झाली, औषध सुरू झालं, पुढची जबाबदारी त्याची. आमच्या शेजारी अशीच गाडी येऊन थांबली होती, गाडीवर मोठ्या अक्षरांत विभागाचं नाव. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. त्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. उपचाराच्या नावाखाली माणसाची अब्रू घालवायचा हक्क कुणालाही नाही.

उंबरठा

शेवंतीताई, मी हेच काम करते. चौदा वर्षं झाली, टीबीच्या रुग्णांच्या घरी जाते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

आधी 'स्पष्टच बोलतो' यांचं. त्यांनी लिहिलंय ते घडतं, मी पाहिलंय, आणि ते चूकच आहे. मी गाडी कोपऱ्यावर लावते. गळ्यातलं ओळखपत्र दारापर्यंत पोचायच्या आधी पिशवीत जातं. जिन्यात कुणी विचारलं तर नुसतं नाव सांगते, काम सांगत नाही. तुम्ही त्या बाईंना फोनवरच सांगा की घरमालक खाली राहतात, साध्या कपड्यांत या, किंवा घरी नकोच, आम्हीच सगळे दवाखान्यात येतो. हे मागायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तपासणी कुठे व्हावी हे ठरवा, पण तपासणीलाच नाही म्हणू नका. त्यातही भाचीसाठी तर अजिबात नाही.

टीबीचा जंतू हवेतून जातो. दादा दोन महिने खोकत होता तेव्हा त्या खोल्यांमधली हवा तुम्ही सगळ्यांनी घेतलीय. जंतू शरीरात गेला म्हणजे आजार झाला असं नाही. जगातल्या सुमारे पाव लोकांच्या अंगात तो झोपलेला आहे, आणि त्यातल्या पाच ते दहा टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. पण हा हिशोब धडधाकट मोठ्या माणसाचा. पाच वर्षांखालच्या मुलाची गोष्ट निराळी. त्यांची प्रतिकारशक्ती जंतूला कोंडून ठेवायला अजून शिकलेली नसते, आजार झाला तर लवकर होतो, आणि कधीकधी फुप्फुसात न थांबता मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. जन्मल्यावर दिलेली बीसीजीची लस या भयंकर प्रकारांपासून बरंच संरक्षण देते, पण पुरतं नाही. म्हणून घरात असा रुग्ण निघाला की आधी मुलाला आजार नाही याची खात्री करायची आणि मग प्रतिबंधाचा कोर्स द्यायचा, असं जगभर ठरलेलं आहे. कोणतं औषध निवडलं त्यावर तो तीन महिन्यांचा किंवा सहा महिन्यांचा असतो. लहान मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्याही आल्या आहेत.

तुम्हाला वाटतंय की काही होत नाही मग औषध का. ताई, काही होत नाही तोवरच ते द्यायचं असतं.

वहिनींना एवढंच सांगा, माहेरी जायचं तर जा, पण तपासून मग जा. मुलगी घर सोडून गेली म्हणून अंगात शिरलेला जंतू मागे राहत नाही. मी अशी दोन मुलं हुडकत फिरले आहे, आजी-आजोबांकडे पाठवलेली. एक सापडलं तेव्हा छान खेळत होतं. दुसऱ्याचं वजन चार महिन्यांत एक चिमूटही वाढलेलं नव्हतं, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं कारण मूल रडत नव्हतं, मलूल पडून राहायचं, आणि शांत मुलाचं सगळे कौतुकच करतात. त्या मुलाला टीबी होता. बरं झालं ते. पण तो काळ आठवला की आजही माझा जीव कासावीस होतो.

म्हणून मी घरी गेले की पहिलं काम वजन. तीन वर्षांचं मूल परक्या बाईसमोर काट्यावर उभं राहत नाही, मग आईने त्याला कडेवर घेऊन उभं राहायचं, नंतर एकटीने, आणि वजाबाकी करायची. मग जुना लसीकरणाचा कागद मागते, त्यावरच्या वजनांशी ताडून बघते. खोकला, ताप, मानेला गाठ, खेळणं कमी झालंय का, हे सगळं आईला विचारते. मूल इतकं लहान असलं की बेडका काढू शकत नाही, म्हणून गरज पडली तर एक्स-रे, पोटातल्या पाण्याचा नमुना, हल्ली तर शीच्या नमुन्यावरूनही तपासता येतं.

आईंचं ताट-वाटीचं. भांड्यांतून, कपड्यांतून टीबी पसरत नाही. ताट वेगळं केल्याने काही साधत नाही, फक्त मुलगा मनातून खचतो. खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना त्याने तोंड झाकावं, सुरुवातीचे दिवस शक्य असेल तर वेगळ्या खोलीत झोपावं. औषध लागू पडलं की संसर्ग पसरवण्याची ताकद झपाट्याने उतरते.

रुग्णालयात ठेवा, हा विचार आईंचा एकट्यांचा नाही. एके काळी सगळं जग तेच म्हणत होतं, आरोग्यधामात वर्षभर पडून राहा. १९५६ साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत, हे नीट तपासून पाहिलं. काही रुग्ण आरोग्यधामात, काही आपापल्या घरी, गरीब, दाटीवाटीच्या घरात. दोघांना औषध तेच, वर्षभर. १९५९ मध्ये निकाल छापून आला. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले होते. आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या घरातल्या माणसांना आरोग्यधामातल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त टीबी झाला नाही. का, तर घरातल्यांना जे व्हायचं ते निदानाच्या आधीच्या खोकल्यात होऊन गेलेलं असतं. आज दादा घरी राहून बरा होऊ शकतो तो त्या कामामुळे. पण त्या अभ्यासातले लोक रुग्णांच्या घरी जात होते, न सांगता जाऊन गोळ्या मोजत होते, हेही विसरू नये. घरचा उपचार आणि घरभेट ही जोडी पहिल्यापासूनची आहे.

आता दादा. त्याला राग येणं स्वाभाविक आहे. मोठ्या माणसाला कुणी 'आ कर, गिळ' म्हटलेलं आवडत नाही. माझं स्वतःचं मत या बाबतीत बदललं आहे आणि ते कसं बदललं ते सांगते.

माझ्याकडे एक काकू होत्या. दर आठवड्याला जायचे, त्या रिकामी पाकिटं ओळीने मांडून ठेवायच्या. मी प्रत्येक पाकीट उजेडात धरून बघायचे, मागचा चांदीचा कागद फाटलेला आहे ना, वहीत खूण करायचे आणि निघायचे. दोन महिन्यांनी बेडका तपासला तर जंतू तसेच. विश्वास बसेना. दुपारी एकटीच परत गेले, शेजारी बसले, तेव्हा त्यांनी कपाटातून एक डबा काढला. निम्म्या गोळ्या त्यात होत्या. गोळी घेतली की उलटी व्हायची, सुनेला सगळं आवरायला लागायचं, म्हणून त्या गोळ्या काढून डब्यात टाकायच्या आणि पाकिटं माझ्यासाठी ठेवायच्या. आठ भेटींत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की गोळी घेतल्यावर कसं वाटतं. डॉक्टरांनी यकृताची तपासणी केली, गोळ्यांची वेळ बदलली, उलटीवर औषध दिलं, आणि जंतूला औषधं अजून लागू पडतात ना हे पुन्हा तपासून घेतलं. पडत होती, नशीब. कोर्स लांबला, पण त्या बऱ्या झाल्या. त्यानंतर मी पाकिटं शेवटी बघते.

तेव्हा दादाला सांगा की गोळ्या मोजणं हे निम्मं काम आहे. त्रास वेळेवर पकडणं हे उरलेलं निम्मं. लघवी केशरी होते, त्याला घाबरायचं नाही, तो एका गोळीचा रंग आहे. पण डोळे पिवळे दिसले, सारखी उलटी झाली, भूक मेली, नजर अंधूक झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना. पायाला मुंग्या आल्या तर त्यावरही उपाय आहे, एक जीवनसत्त्व देतात. यातलं काहीही झालं तर स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करून बसायचं नाही, लगेच विचारायचं.

आणि समोर बसून गोळी घेणं म्हणजे मी रोज येऊन बसलेच पाहिजे असं नाही. घरातलं कुणी बघू शकतं, काही ठिकाणी फोनवर व्हिडिओ पाठवूनही चालतं. त्याला काय सोसवतं ते त्यालाच विचारा.

पुन्हा_चालतोय

वरच्या ताईंनी सगळं लिहिलंय, मी फक्त दादासाठी लिहितो. मी तोच आहे ज्याने सोडलं होतं.

साडेतीन महिने झाले आणि मी ठणठणीत झालो. सहा किलो वजन वाढलं होतं. कामावर दुपारची पाळी लागली, औषध घ्यायला जायची वेळ आणि पाळीची वेळ एकच झाली. एकदा गेलो नाही, दुसऱ्यांदा गेलो नाही, तिसऱ्यांदा जायची लाज वाटली की आता ते ओरडतील. माझ्या दवाखान्यातून कुणीही फोन केला नाही, कुणी घरी आलं नाही. मला तेव्हा बरंच वाटलं होतं. पाच महिन्यांनी खोकल्यातून रक्त आलं, आणि या वेळी नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी. दीड वर्षाच्या वर औषधं चालली, त्यातले कितीतरी महिने इंजेक्शनं. उजव्या कानाने आता कमी ऐकू येतं. हल्ली अशा टीबीलाही सहा महिन्यांचे, इंजेक्शन नसलेले कोर्स निघालेत असं डॉक्टर सांगतात. माझ्या वेळी ते नव्हते.

त्यामुळे मला मोजणाऱ्या बाईंचा राग येत नाही. जे आलेच नाहीत त्यांचा येतो.

दादाला माझ्याकडून सांगा की बरं वाटायला लागतं तो काळ सगळ्यात फसवा. मोबाइलमध्ये गजर लावून ठेव आणि गोळ्या रोज दिसतील अशा जागी ठेव. कामाच्या वेळा बदलणार असतील तर त्यांना आधीच सांग, ते सोय करतात. मी सांगितलंच नव्हतं.

उंबरठा

'पुन्हा चालतोय', तुमचं वाचून घशात दाटून आलं. तुमच्याकडे कुणीतरी यायला हवं होतं.

हे असं एकट्यादुकट्याच्या बाबतीत नाही, अख्ख्या शहरांच्या बाबतीत घडलंय. न्यू यॉर्कमध्ये टीबी संपला समजून त्यावरचा खर्च आणि माणसं कमी केली होती. १९८८ मध्ये तिथल्या हार्लेम भागातल्या एका रुग्णालयातून औषधं देऊन घरी पाठवलेल्या १७८ रुग्णांचा मागोवा घेतला तर ८९ टक्क्यांनी उपचार पुरा केलेला नव्हता. १९९२ पर्यंत शहरात वर्षाला ३,८११ रुग्ण झाले, त्यांत औषधांना दाद न देणारे पुष्कळ. मग माणसं नेमली, ती रुग्णाच्या घरी, कामावर, जिथे असेल तिथे जाऊन गोळ्या देऊ लागली. १९९४ मध्ये आकडा २,९९५ वर आला. त्या दोन वर्षांत नवीन गोळी कुठलीच आली नव्हती. माणसं दारापर्यंत गेली होती.

'स्पष्टच बोलतो', रुग्णाची जबाबदारी त्याची, हे वाक्य मला जड जातं ते यामुळे. सहा महिने रोज औषध घेणं एकट्याच्या जिवावर टाकायचं आणि चुकलं की त्यालाच दोष द्यायचा, हे बरोबर नाही.

स्पष्टच_बोलतो

मान्य. माझा राग गाडीवर होता आणि तो अजून आहे. पण भेटच नको म्हणणं चुकलं माझं. कोपऱ्यावर गाडी लावणाऱ्या बाई त्या मुलीला भेटल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितेय.

मी त्या बाईंना सगळं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, मी दुपारी दोनला येते, त्या वेळी जिन्यात कुणी नसतं. आल्या त्या खांद्याला साधी पिशवी लावून. दादा आधी खोलीतून बाहेरच येईना. त्यांनी हाक मारली नाही, आईशी बोलत बसल्या. अर्ध्या तासाने तो स्वतःहून आला आणि म्हणाला, गोळ्या घेतल्यावर सांधे दुखतात, हे नॉर्मल आहे का? हे त्याने आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी ते लिहून घेतलं, दवाखान्यात फोन लावून डॉक्टरांशी त्याचं बोलणं करून दिलं. गोळ्या रोज रात्री मी बघायच्या असं त्याने आपणहून ठरवलं.

भाचीचं वजन केलं, अगदी उंबरठाताईंनी लिहिलंय तसंच, वहिनीच्या कडेवर. वजन नीट वाढतंय. सोमवारी एक्स-रे आहे, सगळं ठीक निघालं तर गोळ्या सुरू. वहिनी माहेरी गेली नाही.

पण एक गोष्ट अनपेक्षित निघाली. बोलता बोलता आई म्हणाली की तिलाही तीन आठवडे खोकला आहे. घरात आधीच एवढं चाललंय म्हणून गप्प बसली होती. त्या बाई म्हणाल्या मधुमेह असला की टीबीची शक्यता जास्त, उद्याच नमुना द्या. दोन डब्या देऊन गेल्या आहेत. आईला नमुना नीट देता येत नाहीये, नुसती लाळच येते. काय करू?

भिंग

मी प्रयोगशाळेत काम करतो, या डब्या माझ्यासमोरच येतात. आईंना घाबरवू नका, तीन आठवड्यांचा खोकला कशाचाही असू शकतो. पण नमुना चांगला द्या, कारण लाळेत जंतू सहसा सापडत नाहीत आणि मग आम्ही 'नाही' असं लिहून मोकळे होतो, जे खरं असेलच असं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार तरी असावे लागतात. जीनएक्स्पर्ट म्हणून जंतूची जनुकं ओळखणारं यंत्र आहे, त्याला शे-दीडशे पुरतात, आणि दोनेक तासांत मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही कळतं. सोय असेल तर आईंचा नमुना त्यावर लावायला सांगा.

सकाळी उठल्याबरोबरचा बेडका सगळ्यात चांगला, रात्रभर साठलेला असतो. आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरू द्या. मग गच्चीवर किंवा उघड्या खिडकीपाशी, जवळ कुणी नको. खोल श्वास घेऊन क्षणभर धरायचा, सोडायचा, असं दोनदा. तिसऱ्या श्वासानंतर छातीच्या तळातून खोकायचं, घशातून नाही. दाट, चिकट, पिवळसर आलं की समजायचं जमलं. तीन-चार मिलिलिटर पुरे, डबी भरायची नाही. पहिल्या खेपेला नाही आलं तर दहा मिनिटं बसू द्या, घाई करू नका, वयस्क माणसांना वेळ लागतो.

डबी लगेच पोचवा, उशीर होणार असेल तर थंड जागी ठेवा, उन्हात नको. झाकण घट्ट. आणि आईंचं नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. आमच्या टेबलावर दहा डब्यांची झाकणं एकदम उघडलेली असतात.